सर्जनशीलतेची आदर्श उत्तरे

सांगलीतल्या एका शिक्षक मेळाव्यात मी आमच्याच चाचणीची उत्तरं माइकवरून सांगून टाकली.

कुणी विचारली नव्हती. मला शाल घातली होती, नारळ दिला होता, पहिल्या रांगेतले मुख्याध्यापक माना डोलवत होते. अंगावर शाल पडली की माझी जीभ सैल सुटते. बायको म्हणते, तुम्हाला गप्प ठेवायचं तर सत्कार बंद करायला हवेत.

माझं काम काय ते आधी सांगतो. मी शैक्षणिक मानसशास्त्रातला पीएचडी. प्रज्ञावान मुलं कशी शिकतात, त्यांना नवीन कल्पना कशा सुचतात, यावर संशोधन करतो. प्रज्ञावान म्हणजे पहिला नंबर काढणारी नव्हेत. पहिल्या नंबरवाली शाळेला सापडतातच. आम्ही शोधतो ती वेगळीकडून विचार करणारी, आणि ती बहुधा मागच्या बाकावर बसून मार खात असतात. आमच्या प्रोजेक्टमध्ये सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या आठवीच्या मुलांची चाचणी घ्यायची होती. निवडलेल्यांना तीन वर्षं दर शनिवारी कराडला प्रयोगशाळा, पुस्तकं, शिकवायला चांगली माणसं, सगळं मोफत. ज्या घरात यातलं काही नाही, त्या घरातल्या पोराला ही एकच खिडकी.

चाचणी साधी असते. 'विटेचे सुचतील तितके उपयोग लिहा.' भिंत बांधणे, चूल मांडणे ही उत्तरं सगळेच देतात, त्यांना ओरिजिनॅलिटीचे गुण शून्य. क्वचित एखाद्यालाच सुचलेल्या उत्तराला जास्त. क्वचित कशाला म्हणायचं, तर सगळ्या केंद्रांचे, म्हणजे शाळांचे, पेपर एकत्र करून मोजायचं. झालं, एवढंच शास्त्र.

हे मी मेळाव्यात सांगितलं. इथवर ठीक होतं. मग टाळ्या आल्या आणि मी म्हणालो, "एका मुलानं काय लिहिलं असेल? वीट कानाशी धरायची आणि भट्टीतली आग अजून बोलते का ते ऐकायचं!" सभागृह हेलावलं. असा मुलगा कुठे नव्हताच. मी उभ्या उभ्या जन्माला घातला होता. मग त्याला भावंडंही दिली. विटेला गुपित सांगणारी मुलगी, विटेच्या भुग्यानं संध्याकाळ रंगवणारा मुलगा. समोर मोबाइल उभे होते, माझा व्हिडिओ निघत होता. मी पोट आत घेतलं.

पुढे चाचणी झाली. साताऱ्यात घरी चिवड्याची वाटी घेऊन पेपर तपासायला बसलो. शेवटी राहिलेला कराडच्या एका शाळेचा गठ्ठा. पहिलाच पेपर: 'वीट कानाशी धरून भट्टीतली आग अजून बोलते का ते ऐकणे.' मी खुर्चीतून उठलोच. बायकोला हाक मारून वाचून दाखवलं, की बघ, मी कल्पना केलेला मुलगा खरंच निघाला! दुसरा पेपर. आग बोलतेय. तिसरा. बोलतेय. चौथ्याला वाटी खाली ठेवली. पुढे उघडीन त्या पेपरात भट्टी बोलत होती, गुपितं सांगितली जात होती आणि संध्याकाळ रंगत होती, एकाच क्रमानं.

आणि दुर्दैव असं की बाकीच्या शाळांत हे कुणी लिहिलेलंच नव्हतं. एकत्र मोजलं की ही उत्तरं दुर्मीळच ठरत होती. म्हणजे माझ्या भाषणाला माझ्याच हातानं पैकीच्या पैकी गुण मिळणार होते.

रागाच्या भरात मी पुण्याला आमच्या प्रोजेक्टच्या प्रमुख मॅडमना ईमेल टाकला: डेटा दूषित आहे, हे केंद्र पूर्ण रद्द करावं. सकाळी कराडची एसटी पकडली.

शाळा चालवणाऱ्या संस्थेचे सचिव अण्णा. पांढरे कपडे, टेबलावर काच, काचेखाली स्कॉलरशिपला लागलेल्या मुलांचे फोटो.

"या सर. चहा सांगू?"

"चहा नको. मुलांकडून उत्तरं पाठ करून घेतलीत?"

"व्हय," अण्णा अभिमानानं म्हणाले. "जादा तास घेतलं. तुमचा व्हिडिओ लावला, फळ्यावर उतरवून घेतला, रोज घोकून घेतला. एक पोरगं अडखळत न्हाई आता."

"अहो, सर्जनशीलता पाठ करतात का?"

"मग कशी करत्यात? स्कॉलरशिप आमी अशीच काढतो."

"मुलांना स्वतःचं काही सुचू द्यायचं असतं!"

"आवं सर, सुचंल न सुचंल, त्याचा काय भरवसा? शहरातल्या पोरांस्नी घरात सगळं मिळतंय, त्यांना सुचतंय. आमच्या पोरांनी काय तोंड बघत बसायचं?" अण्णा पुढे झुकले. "आन् उत्तरं कुणी दिली? मी दिली का?"

मला संताप आला. अण्णांचा आला त्याहून जास्त माझा स्वतःचा, कारण उत्तरं मीच दिली होती. आठवीची मुलं, ज्यांच्या डोक्यात काय काय असेल कोण जाणे, त्यांना हा माणूस छडी आपटून सांगत होता की आग बोलते असं म्हणा. बोलत नाही म्हणालास तर उभा राहा!

"एक पोरगी तेवढी आडमुठी निघाली," अण्णा म्हणाले. "म्हणती, मी आईकलं, आग काय बोलत न्हाई. वर्गातनं भाईर काढली तिला. पेपरला मातर बसली, नाव होतं म्हणून. तिचं काय मनावर घेऊ नगा."

गठ्ठा माझ्या पिशवीत होता. तिथंच टेबलावर तिचा पेपर शोधला. मुस्कान, आठवी ब. तिनं लिहिलं होतं: दारात वीट उभी ठेवली तर अब्बा दुकानात आहेत, आडवी ठेवली तर घरी आहेत, म्हणजे गिऱ्हाइकाला हाका मारायला नकोत. कोरडी वीट आणि पावसात भिजलेली वीट तोलायची, फरकावरून पाऊस किती झाला ते कळेल. खोटं बोलणाऱ्याला हात लांब करून वीट धरायला लावायची, दुखायला लागलं की खरं बोलतो.

हा पेपर मी आदल्या दिवशी हातात घेतला नव्हता. तोवर माझा केंद्र रद्द करण्याचा ईमेल लिहून झाला होता.

शाळेच्या पायरीवरूनच मॅडमना फोन लावला.

"एका मुलीचा पेपर अस्सल आहे. केंद्र रद्द करू नका."

"तुझाच मेल आहे. मी कमिटीला पाठवलासुद्धा."

"मागे घ्या."

"कारण काय देऊ? तुझी मनःस्थिती? प्रोटोकॉलप्रमाणे एका केंद्रातला एकच पेपर उचलता येत नाही. फार तर तिची नवी चाचणी घे. वस्तू बदल."

माझा चढलेला आवाज ऐकून शाळेचा शिपाई झाडू घेऊन लांब जाऊन उभा राहिला. पण मॅडमचं चुकत नव्हतं, हे आणखी वाईट.

मुस्कानच्या वडिलांचं, सलीमभाईंचं, दुकान स्टँडमागे होतं. ट्रॅक्टरच्या सीटची कव्हरं शिवतात. उसाच्या सीझनमुळे दारात गर्दी होती. शाळा सुटून मुस्कान तिथंच बसली होती, रेक्झिनच्या कापलेल्या पट्ट्या रंगाप्रमाणे लावत. मी सगळं सांगितलं आणि म्हणालो, फक्त परत एकदा चाचणी द्यायची.

सलीमभाईंनी मशीन थांबवलं. "का?"

"बाकीच्यांनी पाठ केलेलं लिहिलं म्हणून."

"त्यांनी पाठ केलं. परीक्षा आमच्या पोरीनं परत द्यायची? ह्यो कुठला न्याय?"

"प्रोटोकॉल आहे."

"असूं दे. वर्गातनं भाईर काढली तवा तीन रोज जेवली न्हाई नीट. आता परत बसून, परत कोन तरी म्हणनार, हे न्हाई चालत. न्हाई जायची ती."

मी मुस्कानकडे पाहिलं. तिनं पट्ट्या खाली ठेवल्या.

"सर, सगळ्यांनी दिलेल्या उत्तराला शून्य असतंय ना? तुमी व्हिडिओत सांगितलंय."

"हो."

"मग आमच्या शाळेत सगळ्यांनी तेच लिवलंय. त्यांना शून्य द्या की. माझा पेपर का खोडताय?"

मी दुकानातल्या स्टुलावर बसलो. सगळ्या केंद्रांचं एकत्र मोजलं म्हणून ती उत्तरं दुर्मीळ दिसत होती. शाळेशाळेचं वेगळं मोजलं तर घोकलेलं प्रत्येक उत्तर आपोआप सामान्य. कुणाला रद्द करायला नको, कुणावर आळ घ्यायला नको. आमच्या शास्त्रात असं करता येतं, मी स्वतः शिकवतो.

मॅडमना परत फोन. त्यांनी मला हिशेब दोनदा समजावायला लावला. मग म्हणाल्या, "सगळ्याच केंद्रांना तसं मोज. एकट्या कराडला नको, नाहीतर कमिटी विचारेल. आणि हे तुला सुचलं?"

"मला नाही," मी म्हणालो. एवढं तरी खरं बोललो.

नव्यानं मोजलं. अण्णांच्या शाळेतली आग, गुपितं, संध्याकाळ, सगळी शून्यावर आली. गंमत म्हणजे काही मुलांनी पाठांतर संपल्यावर, पानाच्या तळाशी, घाईघाईत आपलंही काहीबाही खरडलं होतं. ते आता वर दिसायला लागलं. त्यातला एक मुलगा निवडला गेला. मुस्कान तर पहिल्या काहींत. कमिटीनं मान्य केलं.

यातून शिकलो ते एवढंच, की संशोधकानं सत्काराला जाऊ नये, आणि गेलाच तर खोकला झाल्याचं सांगावं.

पहिल्या शनिवारी मुस्कानला घेऊन सलीमभाई आले. येताना चौकातला फ्लेक्स बघून आले होते. 'आमच्या मार्गदर्शनाखाली घवघवीत यश', मधे अण्णा हात जोडून, बाजूला मी, शाल पांघरलेला, आणि खाली कोपऱ्यात स्टँपाएवढी मुस्कान. मी अण्णांना फोन लावून जे सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. सलीमभाई शांतपणे ऐकत होते. मी फोन ठेवल्यावर त्यांनी विचारलं,

"सर, तुमची पीएचडी हुशार पोरं वळखायचीच ना?"

"हो, तीच."

"मग पोरीनं सोता सांगंपतूर काय करत हुता?"