आधी वरणभात

बडोद्याला हरणी भागातल्या त्या गाळ्याचं शटर उघडायच्या आधीच मी दमून गेले होते. कारखाना बंद पडल्यापासून आमचे हे वर्षभर पाणीगेटच्या घरात खिडकीशी बसून होते. तोच पेपर तीनतीनदा वाचायचे, काही विचारलं तर नुसतं ‘हं’ म्हणायचे. मराठी जेवणाचं हॉटेल काढायची कल्पना माझी. शेजारणींना मी धंद्याच्या गोष्टी सांगत असे, पण खरं म्हणजे हॉटेल बुडालं तरी चालेल, हा माणूस उठून उभा राहू दे, एवढंच मला हवं होतं.

ह्यांचे पणजोबा संस्थानच्या फौजेत होते. त्या घरात दुकानदारी कोणी केली नव्हती. मांडवीच्या बाजारात पातेली घ्यायला गेलो, तर दुकानदाराने सांगितलेल्या पहिल्याच भावाला हे ‘बरं’ म्हणाले. तो बिचाराच ओशाळला. परवान्यासाठी खेपा, गॅससाठी खेपा, सुताराकडे खेपा, सगळ्या मीच घातल्या. घरी आल्यावर पायातल्या चपला काढायचाही कंटाळा यायचा.

मग एक दिवस नवी ताटं पुसता पुसता हे म्हणाले, “आधी वरणभात वाढायचा. पोळी मागून.”

मी हातातलं फडकं खाली ठेवलं. “अहो, इथली माणसं भात शेवटी खातात. भात आला की जेवण संपत आलं त्यांचं.”

“मला ठाऊक नाही का? चार पिढ्या काढल्या आपण बडोद्यात. पण पाटी मराठी जेवणाची लावायची आणि वाढायचं त्यांच्या रीतीने? मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, भाजी, मग भाताची मूद, वरण, वर तूप. तो भात संपला की पोळी.”

वर्षभरात ते सलग इतकं बोलले नव्हते. हा खुळेपणा आहे हे मला कळत होतं. तरी मी हो म्हटलं. त्यामुळे जे झालं त्यात माझाही वाटा आहेच.

पहिल्या दिवशी समोरच्या सोसायटीतल्या गुजराती मंडळींना जेवायला बोलावलं होतं. हे इस्त्रीचा पांढरा सदरा घालून स्वतः वाढत होते. प्रत्येक ताटात मूद पाडली, वरण घातलं, तूप सोडलं आणि भिंतीशी जाऊन उभे राहिले. आत मी पुरणपोळ्या भाजत होते. चळत वाढत चालली, तरी ‘पोळी आण’ अशी हाक काही येईना. शेवटी डोकावून पाहिलं. भाताला कोणी हात लावला नव्हता. भाजी चाखून, कोशिंबीर संपवून सगळे स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होते. हे भात संपायची वाट बघत होते आणि पाहुणे पोळीची. दोन्हीकडची माणसं सभ्य, मग बोलणार कोण?

एक म्हातारे काका अगदी हळू म्हणाले, “बेन, रोटलीने हजु वार छे? उतावळ नथी हं. पण आ भात ठंडो थई गयो.” पोळीला अजून वेळ आहे का, घाई नाही, पण भात गार झाला, असं त्यांचं म्हणणं.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ते आत आले, पोळ्यांचं ताट उचललं आणि हसत बाहेर गेले. “आवी गई काका, गरम गरम!” पाहुणे पोटभर जेवले, शेवटी तो गार भातही त्यांनी आवडीने संपवला. दुसऱ्या दिवसापासून पोळी आधी. ते ह्यांनीच ठरवलं, मला विचारलंसुद्धा नाही.

हॉटेल चाललं. हे गल्ल्यावर बसू लागले, भाजीवाल्याशी घासाघीस करू लागले, गिऱ्हाइकांच्या मुलांच्या परीक्षांची चौकशी करू लागले. मी मागितलं होतं ते सगळं मला मिळालं होतं.

सोमवारी हॉटेल बंद असे. अशाच एका सोमवारी घरी आम्ही दोघंच जेवायला बसलो होतो. मी सवयीने त्यांच्या ताटात मूद पाडायला गेले, तर त्यांनी आडवा हात धरला.

“आधी पोळी दे,” ते म्हणाले. “भात शेवटी घेतो.”

मी पोळी वाढली आणि माझ्या ताटातला भात कालवायला घेतला. आधी वरणभात खाणारी घरात आता मी एकटीच उरले होते. डोळे भरून आले. चटणी तिखट झाली का, म्हणून त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं.