बागेकडची खिडकी

साताऱ्यात आम्ही भर पेठेत राहत होतो. खोलीची खिडकी उघडली की हातभर अंतरावर शेजारच्यांची भिंत. माझी पहिली मुलगी तिथंच जन्मली. भर दुपारीसुद्धा कंदील लावून मी तिला न्हाऊ घालायची. वर्षाची व्हायच्या आत ती गेली. डॉक्टर एवढंच म्हणाले, "हिला ऊन-वारा मिळायला हवा होता." ते वाक्य मी विसरले नाही.

लढाईच्या दिवसांत यजमानांची सांगलीला बदली झाली, तेव्हा मला पुन्हा दिवस गेले होते. थोरल्या दिरांनी बाजारालगत जागा ठरवून टाकली होती. तीन खोल्या, दारात नळ. आत मात्र तोच काळोख. मी उंबऱ्यातूनच मागे फिरले.

"इथं मी राहणार नाही."

"मी शब्द दिलाय," दीर तडकले. "आता बायकांना विचारून घरं घ्यायची?"

"दिवसभर घरात कोण असतं?"

त्यांच्यापुढं तोवर मी कधी तोंड उघडलं नव्हतं. यजमान खाली बघत म्हणाले, "दादा, ती म्हणते तसं करू." दीर आमच्याशी पुढं कितीतरी दिवस बोलले नाहीत.

सार्वजनिक बागेला लागून दोन खोल्या मिळाल्या. वर पत्रा, पाणी लांबून आणायचं. पण खिडकीसमोर कडुलिंब आणि त्यापलीकडं हिरवळ. मी खिडकीतच निवडायला-टिपायला बसू लागले. आठवड्याभरात घरमालकांनी बाहेरून खिडकीवर फळ्या ठोकल्या.

"वैनी, बागंत कोण कोण येतं. घरंदाज बाया अशा खिडकीत बसत न्हाईत."

मी बत्ता आणला आणि त्यांच्यादेखत आतून घाव घातले. फळ्या बागेत पडल्या.

"खिडकीसाठीच ही जागा घेतलीय. ती बंद करायची असेल तर आम्हाला बाहेर काढा."

ते रागानं लाल झाले, पण काढलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांची बायको घेवड्याच्या शेंगा घेऊन आली.

"मला बी बसू द्या की जरा," ती म्हणाली. "लग्न होऊन आल्यापासनं ही बाग मी आतनं कवा बघितलीच न्हाई."

शेंगा तशाच ठेवून आम्ही दोघी उठलो, चपला घातल्या आणि भर दिवसा बागेत गेलो. माझा मुलगा पुढं त्याच हिरवळीवर रांगला.