वास बदलला, पाणी ओता

कोरड्या कढईत तांदूळ भाजायला घेतला की छाणीच्या या नव्या फ्लॅटमध्ये दांडिया बाजारातल्या जुन्या घराचं आमचं स्वयंपाकघर दरवळू लागतं. तिथे असताना एकदा आई मोठ्या तापातून उठली होती, पण जेवणाचं नाव काढू देत नव्हती. वैद्यांनी बाबांना बजावलं होतं, नवा तांदूळ जड पडतो, वर्षभर जुना आणा, कोरडा भाजा, भरपूर पाण्यात झाकण न ठेवता शिजवा आणि पेज गाळून टाका, म्हणजे भात हलका होतो. चहापलीकडे कधी काही न केलेल्या बाबांनी जुना जीरासार तांदूळ आणला, धुऊन पंच्यावर वाळवला आणि गॅससमोर उभे राहिले. खाली देवळात घंटा वाजत होती, समोरच्या बेन काय बनवताय म्हणून गॅलरीतून विचारत होत्या, "काका, शुं बनावो छो?" बाबा तांदूळ परतत राहिले. तेवढ्यात इतके दिवस भिंतीकडे तोंड करून पडलेली आई आतून ओरडली, "अहो, पुरे आता! वास बदलला, पाणी ओता!" बाबा तांब्या उचलून मुद्दाम मोठ्याने म्हणाले, "किती ओतू गं?" किती ते त्यांना पाठ होतं. भात होईपर्यंत ते विचारत राहिले, आई वैतागून सांगत राहिली, आणि शेवटी साजूक तूप आणि सैंधव घातलेले चार घास तिने खाल्ले. आता दोघंही नाहीत. तांदूळ गुलाबी होत आला की माझा हात थांबतो, कान आतल्या खोलीकडे लागतो, आणि दर वेळी तांदूळ जरा जास्तच भाजला जातो.