कातरणाची पुरचुंडी

शिवलेल्या कपड्याबरोबर उरलेलं कापडही गिऱ्हाइकाला परत देणारा शिंपी चामराजपेटेत एकच होता, नरसिंहराव पतंगे. बाकी सगळ्यांनी उरलेलं कापड आपलंच, असं कधीच ठरवून टाकलं होतं, आणि गिऱ्हाइकांनीही ते मुकाट्याने मान्य केलं होतं. त्या तुकड्यांतून शिंप्यांच्या पोरांची झबली व्हायची, टोप्या व्हायच्या, उशांचे अभ्रे व्हायचे. नरसिंहराव मात्र कातरण गोळा करून त्याची पुरचुंडी बांधत आणि कपड्याच्या घडीवर ठेवून देत. अगदी बोटभर चिंधीसुद्धा.

"शिंप्याच्या घरात पडले," त्यांची बायको कस्तुराबाई वैतागून म्हणे, "आणि गोधडीला चिंध्या शेजारणीकडे मागते. कुणाला सांगितलं तर खरं तरी वाटेल का?"

"अगं, कापड त्यांचं. आपली फक्त कात्री," नरसिंहराव म्हणत आणि मशीनचं पायडल जोरात मारत, म्हणजे पुढचं ऐकू येत नसे.

अशा माणसाच्याही वाट्याला एक हयवदनराव होतेच. हे धारवाडकडचे निवृत्त कारकून. तरुणपणी कुणा शिंप्याने त्यांच्या कोटाच्या कापडातून स्वतःचा वेस्टकोट काढला होता म्हणे. तेव्हापासून हातात कात्री दिसली की त्यांना चोर दिसे. कापड बेतताना ते दुकानातल्या स्टुलावर समोरासमोर बसत आणि डोळ्याची पापणी हलू देत नसत. घरी गेल्यावर पुरचुंडी सोडून तुकडे जमिनीवर जुळवून बघतात, असंही त्यांची मोलकरीण सांगे.

एकदा त्यांनी काळ्या सर्जचा कोट शिवून घेतला. कापड बघून नरसिंहराव चकित झाले. हयवदनराव म्हणजे काठीला धोतर नेसवलेलं, आणि कापड एखाद्या पैलवानाला पुरेलसं.

"राव, एवढं कशाला आणलंत?"

"स्वल्प जास्तच आणलंय," हयवदनराव शांतपणे म्हणाले. "तुमचा वाटा धरून."

नरसिंहरावांना ते फार लागलं. कोटाबरोबर त्यांनी उशीएवढी पुरचुंडी दिली. हयवदनरावांनी ती उचलून हातात तोलली आणि निघून गेले.

हे झालं सत्तावन्न साली. पुढच्या उन्हाळ्यात गल्लीतल्या हेमलताबाईंच्या श्रीकांतचं लग्न निघालं. हेमलताबाई लवकर विधवा झालेल्या. शाळेत बालवर्ग सांभाळून त्यांनी एकुलत्या मुलाला शिकवलं होतं. तो आता विमानाच्या कारखान्यात लागला होता. जन्मात पहिला कोट त्याला लग्नात मिळणार होता. त्यासाठी माउलीने चिकपेटेतला अख्खा कापडबाजार पायाखाली घातला आणि मनासारखी काळी सर्ज आणली. ताग्यातला शेवटचा तुकडा होता. जेमतेम पुरेल इतकाच.

लग्न रविवारी. शुक्रवारी सकाळी नरसिंहराव बाह्या बेतायला बसले आणि नेमकी तेव्हाच हुबळीहून तार आली. धाकट्या लेकीला मुलगी झाली! नरसिंहरावांना काय करू नि काय नको असं झालं. येणाऱ्याजाणाऱ्याला बोलावून त्यांनी साखर वाटली, कस्तुराबाईंच्या तोंडात तर मूठच कोंबली. मग गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात गात गात त्यांनी कात्री चालवली. कापड जेमतेम, त्यामुळे दुहेरी घडी न घालता एकेक बाही सुटी बेतावी लागली. दुसरी बाही कापून झाल्यावर त्यांनी दोन्ही शेजारी ठेवल्या आणि गाणं घशातच राहिलं.

दोन्ही बाह्या उजव्या हाताच्या होत्या.

चिकपेटेत धावले. तसली सर्ज आता आठवड्यानंतर येणार होती. परत आले आणि डोक्याला हात लावून बसले.

"एक बाही उलटी फिरवा ना," कस्तुराबाई म्हणाल्या. शिंप्याची बायको ती, तिला सगळं कळे. "कापडाची उलटी बाजू वर येईल. काळ्यात काळं. मांडवात कोण बघतंय?"

नरसिंहरावांनी टाचण्या लावून पाहिलं. दुकानातल्या उजेडात खरोखरच फरक दिसेना. त्यांचा जीव भांड्यात पडला. तरी ते कोट घेऊन उन्हात गेले, आणि ती बाही धुऊन विटल्यासारखी मळकट दिसली. उभ्या उभ्या त्यांना घाम फुटला. कितीतरी वेळ ते तसेच उन्हात उभे होते. मग टाचण्या काढल्या, बाह्या खांद्यावर टाकल्या आणि हेमलताबाईंचं दार गाठलं.

सगळं ऐकून हेमलताबाई मटकन खाली बसल्या. डोळ्यांना पदर लावला. मग म्हणाल्या, "अण्णा, उलटी लावून दिली असती तर मला मेलीला काय कळणार होतं?"

"तुम्हाला नसतं कळलं अक्का. पण कोट शेवटी इस्त्रीला माझ्याकडेच येणार. दर सणाला त्याचं तोंड बघायचं मी?"

रडता रडता हेमलताबाईंना हसू फुटलं. त्या उठल्या, पदर खोचला. "तुमच्या पुरचुंड्या कुणी टाकत नाही गल्लीत. बघू या, काळी सर्ज निघते का कुणाकडे."

मग काय, घरोघरच्या ट्रंका उघडल्या. दुपारपर्यंत दुकानाच्या ओट्यावर पुरचुंड्यांचा ढीग लागला. कुणाच्या परकराचा खण, कुणाच्या चोळीचं रेशीम, कुणाच्या मुंजीतल्या टोपीची जर. बायका एकेक तुकडा उन्हात धरून बघत होत्या आणि सर्ज राहिली बाजूला, जुनी लग्नं नि बारशी आठवत होत्या. हशा तर असा चालला होता की दुकानातला मुख्य माणूस घाबरून बसलाय, हे कुणाच्या ध्यानातही नव्हतं.

नरसिंहरावांना पहिल्या क्षणापासून ठाऊक होतं, काळी सर्ज कुणाकडे आहे ते. पण त्या माणसाकडे मागायची कशी? 'घेतलात ना शेवटी तुमचा वाटा?' हे ऐकण्यापेक्षा दुकानाला कुलूप लावलेलं बरं.

एवढ्यात हयवदनराव स्वतःच छत्री टेकत आले. "काय गर्दी ही?"

बायकांनी हातातले तुकडे खाली ठेवले. नरसिंहराव उठून उभे राहिले. आता लपवायचं काय उरलं होतं? "राव, चूक झाली माझ्या हातून. दोन्ही बाह्या उजव्याच कापल्या. तुमच्या कोटाचं कापड आणि हे एकच. तुमच्याकडचं कातरण मिळालं, तर या पोराचं लग्न साजरं होईल. मागायला तोंड नाही मला."

हयवदनरावांनी एकदा नरसिंहरावांकडे, एकदा ढिगाकडे पाहिलं. वळले आणि चालू लागले. "गेलं म्हातारं," कस्तुराबाई पुटपुटल्या.

म्हातारं परत आलं. बगलेत ती उशीएवढी पुरचुंडी. ती नरसिंहरावांपुढे ठेवून ते स्टुलावर बसले. "सरी, हरकत नाही, बेता. माझ्यासमोर बेता."

नरसिंहरावांनी खडू हातात घेतला.

"डावी बाही ना ही?" हयवदनरावांनी विचारलं.

"डावीच."

"मग स्वल्प बघून! आणि आज गाऊ नका."

सगळा ओटा खदखदून हसला, नरसिंहरावसुद्धा. मग त्यांनी खडूने पहिली रेघ ओढली.

रविवारी छत्रातल्या मांडवात श्रीकांत तो कोट घालून बोहल्यावर उभा राहिला आणि हेमलताबाईंनी शेजारणींना कोपराने ढोसून ढोसून डावी बाही दाखवली. लपवायचं राहिलं दूर, तिचीच कौतुकं झाली. ओट्यावरचे ते रंगीत तुकडेही बायकांनी परत नेले नाहीत. "नातीच्या गोधडीला," म्हणून कस्तुराबाईंच्या ओटीत घातले. फुकट गेलेली उजवी बाही हेमलताबाईंनी त्या तुकड्यांवर ठेवली. कस्तुराबाई डोळे पुसत आत गेल्या. हयवदनरावांना मात्र त्यांचं उरलेलं कातरण नवी पुरचुंडी बांधून परत मिळालं.

दसऱ्याच्या आधी ते सदऱ्याचं कापड घेऊन आले. नरसिंहरावांनी लगबगीने स्टूल पुसलं. "बसा राव. लगेच बेततो."

"बेता तुम्ही. मला भाजी आणायचीय," म्हणून हयवदनराव छत्री टेकत पायऱ्या उतरले.

नरसिंहरावांनी कापड उलगडून टेप लावली आणि त्यांना भरून आलं. म्हाताऱ्याने या खेपेला लागेल तेवढंच कापड आणलं होतं.