साहेबांच्या खोलीतली खिडकी

मी सोलापुरात प्रांत कार्यालयात कारकून आहे. यंदाच्या उन्हाळ्याच्या तोंडावर आमच्याकडे नव्या प्रांत मॅडम आल्या. कार्यालयानं वीज वाचवावी, प्लास्टिकच्या बाटल्या बंद कराव्यात, असं वरून नेहमीच येतं आणि आम्ही ते वाचून ठेवून देतो. मॅडमनी ते मनावर घेतलं आणि सुरुवात स्वतःच्या खोलीपासून करायची म्हणाल्या.

त्या खोलीत भर दुपारी चार ट्यूबलाइट जळायच्या आणि एसीची घरघर कधी थांबायची नाही. खिडकी आहे हे कुणाला ठाऊकच नव्हतं. बाहेरून तावदानं दिसतात, मग आतून ती गेली कुठं, असं मॅडमनी विचारलं, तेव्हा आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. ती लोखंडी कपाटामागं होती.

कपाट सरकवायला सगळं ऑफिस जमलं. मैंदर्गीकडचे आमचे शिपाई मामा खिडकीकडे बघून म्हणाले, "मॅडम, ही आता खिडकी न्हाय, भिंतच हाय." रंगाचे इतके थर चढले होते की फटसुद्धा दिसत नव्हती. मामांनी पटाशी लावली, मी खालून ढकललं, मॅडमनी साडीचा पदर खोचून वरून ढकललं, आणि दारं धाडकन उघडली. बाहेर कडुनिंब! इतकं हिरवं ऊन आत आलं की मॅडमनी ट्यूबा बंद केल्या आणि आम्ही उगाचच टाळ्या वाजवल्या.

टाळ्या संपायच्या आत मैदानातून वावटळ उठली. समोरच्या दारातून शिरली, टेबलावरचे कागद उचलले आणि नव्या खिडकीतून घेऊन गेली.

मग जे झालं ते आठवलं की मला अजून हसू आवरत नाही. मी चपला सोडून धावले. माझ्यापुढे मॅडम धावत होत्या. सुनावणीला आलेली माणसंही धावली. त्यांत खेड्याकडच्या एक मावशी होत्या. शेताच्या वाटेवरून त्यांचा दिराशी वाद होता, आणि दोघं सकाळपासून व्हरांड्याच्या दोन टोकांना, एकमेकांकडे पाठ करून बसले होते. मावशी ओच्यात कागद गोळा करत होत्या. एक कागद कडुनिंबाच्या फांदीत अडकला, तर दीर धोतर सावरत झाडावर चढला आणि मावशी खालून त्याला वाट सांगायला लागल्या. डावीकडं, त्याच्या वर, आता हात लांब कर. वर्षानुवर्षांचा अबोला, आणि तो असा सुटला.

ओच्यातले कागद मॅडमच्या हातात देत मावशी म्हणाल्या, "आमची फाईल जागची हालत न्हाय म्हनत व्हते की हितं. आता बगा, कशी पळतीया!"

मॅडम आधी गंभीर राहिल्या. मग त्यांचा संयम सुटला आणि त्या झाडाच्या पारावरच बसल्या, पोट धरून. त्यांना हसताना बघून आम्हीही सुटलो. दीर फांदीवरूनच हसत होता, त्यामुळं त्याला उतरवायला शिडी आणावी लागली.

सगळे कागद सापडले. आत कुणालाच जावंसं वाटेना, म्हणून त्या दिवशीची सुनावणी पारावरच झाली. वाद मिटला नाही. दोघं पुन्हा आपापलं म्हणणं तावातावानं मांडायला लागले, पण या खेपेला एकमेकांकडे तोंड करून.

सोलापूरचा उन्हाळा काही दया करत नाही. एप्रिलमध्ये आम्ही एसीऐवजी खिडकीला वाळ्याचे पडदे लावले, त्यांवर पाणी मारायला पाळ्या ठेवल्या. माझ्या पाळीला मी जरा जास्तच मारते. समोर फाईल वाचत बसलेल्या मॅडमच्या अंगावर चार थेंब उडतात, आणि त्या वर न बघता म्हणतात, "अजून मारा."