मोहित्यांचे दहा महिन्यांचे एक्स्चेंज

दशरथ मोहिते काशीमीऱ्याच्या आमच्या वाहतूक कंपनीत वायरमन म्हणून लागले आणि आज सोळा वर्षांनंतरही वायरमनच आहेत. मध्यंतरी दहा महिने ते आणखी काही होते. त्याची नोंद कंपनीने कोठेही ठेवलेली नाही, म्हणून मी करतो.

कार्यालयातील व गोदामातील बावीस टेलिफोन पूर्वी एका बंद पेटीवर, म्हणजे डीलरने विकलेल्या तयार एक्स्चेंजवर, चालत. एखाद्या टेबलाचा नंबर बदलायचा तरी डीलरचा माणूस यावा लागे, कारण पासवर्ड त्याच्याचकडे. तो पंधरा-पंधरा दिवस उगवत नसे. २००६ साली मोहित्यांनी एका मासिकासोबत आलेल्या सीडीवरून, कोणालाही मोफत वापरता आणि बदलता येणारी टेलिफोन-प्रणाली शिकून घेतली. इंग्रजी अडले की ते जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडे येत. अडगळीतल्या संगणकात टेलिफोनच्या तारा जोडायची कार्डे बसवून त्यांनी बावीसही टेलिफोन त्यावर घेतले. कंपनीचे मालक शेठ, त्यांनी परवानगी दिली. कौतुक केले नाही. मोहित्यांची इच्छा एवढीच होती, की ते यंत्र टिकावे आणि त्याची देखभाल आपल्या नावावर लागावी.

पुढच्या वर्षी दसऱ्याला ते मंडणगडला गावी गेले होते. ऑपरेटर सुगंधाताईंनी आस्थेने तो संगणक पुसला, हळदकुंकू वाहिले, झेंडूची माळ घातली. पूजेला यंत्र थांबलेले असावे, म्हणून त्याची पिनही काढली. जुन्या पेटीची दर दसऱ्याला अशीच काढत. पुन्हा लावली की ती आपोआप चाले.

हा संगणक चालला नाही. दुसऱ्या दिवशी पिन लावल्यावर तो पुढे जाण्यापूर्वी एक प्रश्न विचारून थांबला, आणि तो प्रश्न दिसायला त्याला मॉनिटरच जोडलेला नव्हता. कार्यालयाचे आणि गोदामाचे फोन दिवसभर मुके राहिले. ट्रक हायवेवर खोळंबले. मोहित्यांच्या मोबाइलला गावात रेंज नव्हती.

तिसऱ्या दिवशी त्यांनी येऊन मॉनिटर लावला, एक बटण दाबले, आणि फोन वाजू लागले. चूक आपली असल्याचे सुगंधाताईंनी शेठना स्वतः सांगितले. शेठनी तोवर डीलरला बोलावणे धाडले होते.

"शेठ, दोन मिनिटांचं काम होतं," मोहिते म्हणाले.

"डबा बंद पडला तर मी डीलरला शिव्या देतो. तुला देऊन मला काय भेटणार?"

डीलरच्या पंधरा दिवसांच्या गैरहजेरीला आमच्याकडे सर्व्हिस म्हणत असत. मोहित्यांची गैरहजेरी रजेच्या अर्जावर शेठनीच मंजूर केलेली होती. हे मी बोलून दाखवले. ऐकून घेतले गेले, इतकेच.

सोमवारी संगणकाच्या जागी डीलरची नवी पेटी आली. कोणती तार कोणत्या टेबलाची, हे डीलरच्या माणसाला ठाऊक नव्हते. मोहिते संध्याकाळपर्यंत शेजारी उभे राहून एकेक तार सांगत होते. शेवटची लागल्यावर सुगंधाताईंनी रिसीव्हर कानाला लावला.

"दशरथभाऊ, आवाज खरखरतोय हो."

मोहिते पक्कड पुसत होते.

"डीलरला सांगा, ताई," ते म्हणाले.