अकोल्याच्या परिषदेत वायर धरून

अमरावतीहून अकोल्याची एसटी सुटली, तेव्हा माझ्या मोबाइलमध्ये संत्रा परिषदेची पत्रिका होती. नोंदणी शुल्काचा आकडा असा होता, की परिषद संत्र्याची आहे की सोन्याची, असा प्रश्न पडावा.

वलगावला मी माती तपासणीची लहानशी प्रयोगशाळा चालवते. वरूडचे संत्रा बागायतदार देवरावभाऊ दोन वर्षं माझ्या सल्ल्याने खत घालत होते आणि दोन्ही वर्षं त्यांची हिरवी फळं झाडाखाली गळून पडत होती. पुण्याचे एक शास्त्रज्ञ नेमके फळगळीवर बोलणार होते. मला त्यांना गाठायचं होतं.

मूर्तिजापूरच्या स्टँडवर आलुबोंडा खाता खाता मी रफिकभाईंना फोन लावला. अकोल्यात त्यांचा माईक-स्पीकरचा धंदा आहे. वलगावच्या मेळाव्यात आमची ओळख झाली होती आणि परिषदेचे माईकही त्यांचेच होते.

‘ताई, समोरून जाल त अडवतीन. मांगच्या फाटकावर या. हातात वायर असली की मानसाले कोनी काई इचारत नाई.’

तरी मी आधी समोरच्या दारानेच गेले. टेबलामागे पैठणी नेसलेल्या संयोजक बाई बसल्या होत्या.

‘शेतकऱ्यांना काही सवलत आहे का?’ मी विचारलं.

‘ही परिषद शेतकऱ्यांविषयी आहे,’ त्या समजावणीच्या सुरात म्हणाल्या, ‘शेतकऱ्यांसाठी नाही.’

मी मागच्या फाटकावर गेले. रफिकभाईंनी खांद्यावर वायरचं भेंडोळं दिलं. चौकीदाराने फाटक उघडलं आणि वर वाटही दाखवली.

‘हा बिनवायरचा माईक घ्या. जो प्रश्न इचारन त्याले नेऊन द्याचा,’ रफिकभाई म्हणाले.

सकाळ सत्कारांत गेली. जेवणात रोडगे (गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले कणकेचे गोळे) आणि वांग्याची भाजी झकास होती. फळ म्हणून सफरचंद ठेवलं होतं.

जेवणानंतर प्रतिनिधी कापडी पिशव्या आणि प्रमाणपत्रं घेऊन पांगले. फोटोत रिकाम्या खुर्च्या येतील म्हणून बाईंनी बाहेरचे ड्रायव्हर आणि आचारी आणून पुढच्या रांगेत बसवले. मलाही म्हणाल्या, ‘तुम्हीपण बसा ना.’ सकाळी मला परत पाठवल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

शास्त्रज्ञांचं भाषण संपलं. ‘कुणाला प्रश्न?’

कुणी हात वर केला नाही. माईक माझ्याच हातात होता. मी देवरावभाऊंच्या बागेचं सगळं सांगितलं.

‘मुळं पाहिलीत?’ त्यांनी विचारलं.

‘मातीचे अहवाल आहेत, सर.’

‘मुळं?’

‘नाही.’

‘आधी उकरून पाहा. काळी, सडकी निघाली तर पाणी साचतंय. मग कितीही खत घाला, झाडाला ते घेता येणार नाही.’

मला खूप लाज वाटली. एका आचाऱ्याने मात्र मनापासून मान डोलावली.

संध्याकाळच्या एसटीत मी देवरावभाऊंचा नंबर काढून बसले. परिषदेत शिरायला मी दिवसभर डोकं चालवलं होतं. ‘माझं चुकलं’ म्हणायला मात्र मूर्तिजापूर ते बडनेरा एवढा रस्ता लागला.

देवरावभाऊंनी फोनवर मुळांचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘उद्या सकायीच या ताई. मी फावडं काहाडून ठेवतो.’